शहाण्णव मुलांची आत्या

वन्सं, इराला काही झालं नाही. एक फोडसुद्धा आला नाही. एकविसावा दिवस मंगळवारी संपला. बुधवारी सकाळी तिने बाह्या वर सरकवून मला दोन्ही हात दाखवले, रोज संध्याकाळी तुमच्या खिडकीखाली उभी राहून दाखवायची तसेच. मी "छान" म्हटलं, बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडले. ही बातमी सगळ्यात आधी तुम्हाला सांगायची होती आणि तुम्ही शनिवारीच गेलात. तीन दिवस दम निघाला नाही तुम्हाला. तुम्ही कुणासाठी कधी थांबलात म्हणा! बस येताना दिसली की मला मागे टाकून पळायचात.

आठवडाभर घरी माणसं येताहेत. तुमच्या लॅबमधली मंडळी, मरीन परेडच्या तुमच्या ब्लॉकमधल्या शेजारणी, गणपतीच्या कमिटीतले लोक. तुमच्या हाताखालची सिती डोळे पुसत म्हणाली, "शी वॉज सो पेशंट," तेव्हा मला हसू आवरेना. पेशंट? तुम्ही? हॉकर सेंटरमधल्या कॉफीच्या गाळ्यावर पुढचा माणूस बोर्ड वाचत उभा राहिला तर त्याच्या खांद्यावरून हात पुढे करून तुम्ही आपली कोपी मागवायचात. पण सिती कामाबद्दल बोलत होती आणि तिथे तिचं खरं आहे. मी घरातली होते, त्यामुळे मला ते सगळ्यात उशिरा कळलं.

तुम्ही संजयची थोरली बहीण. आमचं लग्न व्हायच्या आधीच इथे येऊन, नागरिक होऊन, स्वतःच्या नावावर फ्लॅट घेऊन बसलेली. लग्न का केलं नाहीत हे विचारायची कुणाची टाप नव्हती. आम्ही सिंगापूरला आलो तेव्हा मी तुम्हाला "ताई" म्हणायला लागले, तर म्हणालात, "ताई संजयची. तुझी मी नणंद. नणंदेसारखीच वागणार." तेव्हापासून मी मुद्दाम, ठसक्यात "वन्सं" म्हणायला लागले. पुण्यातसुद्धा आता फारसं कुणी म्हणत नाही. एम.आर.टी. स्टेशनवर मी मागून "अहो वन्सं" अशी हाक मारली की तुम्ही वळून डोळे वटारायचात. तुम्हाला ते फार आवडायचं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तुमचं काम नेमकं काय, हे मात्र बरीच वर्षं मला कळलं नव्हतं. मी चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेत लोकांची कागदपत्रं तपासते. पत्त्याचा पुरावा, वर्क पासची प्रत, सही जुळते की नाही. तुम्ही म्हणायचात, "तू कागद बघतेस, मी रक्त बघते. दोघी सारख्याच संशयी." मग एकदा तुम्ही मुदत संपलेली, न वापरलेली एक प्लेट घरी घेऊन आलात. तळहाताएवढी, पारदर्शक प्लास्टिकची, तिच्यात ओळीने शहाण्णव बारीक खळगे. ती जेवणाच्या टेबलावर ठेवून तुम्ही मला समजावलंत. हॉस्पिटलात तरुण मुलांचं रक्त कशाकशासाठी काढतात, तपासण्या झाल्यावर नळीत थोडं उरतं. शाळकरी पोरांपासून कॉलेजातल्यांपर्यंत सगळ्यांचं असं उरलेलं रक्त घ्यायचं, नाव काढून टाकायचं, फक्त वय आणि एक नंबर ठेवायचा, आणि बघायचं की यांच्यापैकी किती जणांच्या अंगात कांजिण्यांशी लढायची ताकद आहे. कांजिण्या होऊन गेल्या असल्या किंवा लस घेतलेली असली तर रक्तात तिची खूण राहते. खूण असेल तर खळग्यातलं पाणी शेवटी पिवळं होतं. नसेल तर ते कोरंच, बिनरंगाचं राहतं.

"म्हणजे हळद लागते," मी म्हटलं.

तुम्ही टेबलावर थाप मारून हसलात. त्या दिवसापासून आपल्या घरात तोच शब्द चालू झाला. "आज मुलांना बरी हळद लागली," "आजची बरीच कोरी निघाली गं." नळ्यांना तुम्ही कधी नळ्या म्हणालाच नाहीत, नेहमी "मुलं". "आज शहाण्णव मुलं आहेत, जेवायला थांबू नका." मग लगेच स्वतःच दुरुस्ती करायचात की सगळे खळगे मुलांचे नसतात, काही यंत्राची परीक्षा घ्यायला राखून ठेवावे लागतात. कुणी विचारलेलं नसायचं. इरा तेव्हा लहान होती. त्या कोऱ्या प्लेटमध्ये तिने वॉटर कलर कालवले आणि तुम्हाला नाव ठेवलं, शहाण्णव मुलांची आत्या.

ती दिवाळी आठवते? पाडव्याला तुम्ही जेवायला येणार होतात. मी बासुंदी आटवून ठेवली होती. दुपारी फोन आला की येत नाही. आदल्या दिवशीची अख्खी प्लेट पिवळीधमक निघाली होती आणि लॅबमध्ये सगळे खूश होते, एकट्या तुम्हाला ते पटेना. मी वैतागून म्हटलं, "वन्सं, चांगला निकाल आलाय तर घ्या की! सणाचा दिवस आहे." तुम्ही म्हणालात, "मृणाल, इतकी मुलं एकदम शहाणी होत नसतात." यंत्राची एक सुई बुजली होती, खळगे नीट धुतले जात नव्हते म्हणून सगळंच पिवळं दिसत होतं, हे तुम्ही शोधून काढलंत आणि रात्रभर बसून सगळं पहिल्यापासून केलंत. भाऊबीजेला आलात तेव्हा डोळे सुजलेले होते. मी अजून रागातच होते. तुम्ही बासुंदीची वाटी हातात घेतलीत आणि म्हणालात, "खोटी हळद लावून पाठवू का पोरांना? उद्या कुणी त्या आकड्यावर विसंबून राहिलं तर?" मला तेव्हा वाटलं होतं, काय हा आव! ज्यांची नावंसुद्धा माहीत नाहीत त्यांच्यासाठी सण सोडायचा. आज मी हे लिहिताना त्या सुजलेल्या डोळ्यांना मनापासून नमस्कार करते आहे. तेव्हा करायला हवा होता.

आता ती गोष्ट लिहिते. टाळून टाळून किती टाळणार?

इरा तीन वर्षांची असताना मे महिन्यात तिला मी आईंकडे, सासरी पुण्याला ठेवलं होतं. मला इथे रजा नव्हती. त्या महिन्यात घरातल्या दोन पोरांना कांजिण्या आल्या. आईंनी पद्धतीप्रमाणे घंगाळात कडुलिंबाचा पाला उकळला आणि घरातल्या चारही पोरांना ओळीने बसवून अंघोळ घातली. इराच्या पाठीवर उन्हाळ्याचं पुरळ होतंच. जूनमध्ये तिला परत आणायला गेले तेव्हा आई म्हणाल्या, "चौघांनाही येऊन गेल्या. आता जन्माची काळजी मिटली." मी विश्वास ठेवला. पत्त्याचा पुरावा दोनदा मागणारी मी, सासूच्या एका वाक्यावर मुलीच्या प्रत्येक फॉर्मवर "होऊन गेल्या आहेत" असं लिहीत राहिले. लस घ्यायची का, असं डॉक्टरने विचारलं तेव्हाही तेच सांगितलं.

तुम्हाला ते पहिल्यापासून खटकत होतं, कारण तुमची स्वतःची गोष्ट तशीच होती. लॅबमध्ये त्या विभागात गेलात तेव्हा नियमाप्रमाणे तुमचंही रक्त तपासलं गेलं आणि तुम्ही कोऱ्या निघालात. लहानपणी तुम्हाला कांजिण्या येऊन गेल्याचं आईंनी शपथेवर सांगितलं असतं. "मलाही तशीच ओळीत बसवून अंघोळ घातली होती," तुम्ही म्हणालात. "आईच्या आठवणीत अंघोळ आहे. कुणाच्या अंगावर काय होतं ते नाही." तुम्ही निमूट लस घेतलीत आणि आईंना चकार शब्दाने कळू दिलं नाहीत. मग माझ्यामागे लागलात. "इराचं थोडंसं रक्त काढू दे. थंड देशात बहुतेकांना लहानपणीच होऊन जातात, आपल्या दमट हवेत पोरं कोरीच मोठी होतात. आणि मोठेपणी आल्या की चांगलंच लोळवतात." प्रत्येक गणपतीत, प्रत्येक वाढदिवसाला. मी हसून टाळायचे. मग हसणं बंद झालं, कारण मला त्यात दुसरंच ऐकू यायला लागलं होतं. वाटायचं, मी मुलीला पुण्यात ठेवून नोकरी केली, ते तुम्ही मला असं आडून ऐकवता.

इरा पंधरा वर्षांची असताना डेंग्यूने तुमच्याच हॉस्पिटलात होती. घरी आल्यावर तुम्ही पपई घेऊन आलात आणि चिरता चिरता पुन्हा विषय काढलात. मी चार रात्री झोपले नव्हते. मी म्हणाले, "वन्सं, मुलं काचेच्या नळीत वाढवली की सोपं असतं. खरी वाढवून बघा."

तुम्ही पपईच्या बिया काढत होतात. सुरी थांबली नाही. सगळी पपई चिरून झाली, ताटली इरापुढे ठेवलीत, हात धुतलेत आणि म्हणालात, "निघते गं. थोडं मीठ लावून दे तिला." त्यानंतर चार वर्षांत इराच्या रक्ताचं नाव तुम्ही काढलं नाहीत. बाकी काही बदललं नाही. भांडलात तशाच, लाडू न्यायला आलात तशाच. मी मनात म्हणायचे, बरं झालं, एकदाची गप्प बसली. 

तुमचा तो अभ्यास पूर्ण झाला, छापून आला. बरीच नावं वर होती, तुमचं सगळ्यात खाली, आभारात. तुम्ही मला ती ओळ बोट ठेवून दाखवलीत. "निघाली ना पुष्कळ कोरी?" मी विचारलं. तुम्ही "हं" एवढंच म्हणालात. आता ती लस इथे लहान मुलांच्या यादीत आहे. त्यात तुमच्या शहाण्णव मुलांचा हात किती, हे मला सांगता येणार नाही, आणि तुम्ही तर मुळीच सांगू दिलं नसतंत.

मग गेल्या वर्षी तुमच्याच रक्ताने दगा दिला, रक्ताचा कॅन्सर निघाला. निदान ऐकून तुम्ही डॉक्टरला इतके प्रश्न विचारलेत की त्याने खुर्ची पुढे ओढली. औषधं सुरू झाली आणि शरीराची लढायची ताकद धुऊन गेली. "आता मी पुन्हा कोरी," तुम्ही म्हणालात, हवामान सांगावं तशा सुरात. आणि मग मला ती गोष्ट समजावलीत, जी इतकी वर्षं ऐकून मला कळली नव्हती. आसपासच्या सगळ्यांना हळद लागलेली असली की रोग मधल्यामध्ये अडतो, ज्याला लागलेली नाही त्याच्यापर्यंत पोचतच नाही. "मी आता शेजाऱ्यांच्या हळदीवर जगते आहे मृणाल. समोरच्या घरातलं ते कार्टं, लिफ्टमधली शाळेची पोरं. ती सगळी माझी राखण करताहेत आणि त्यांना पत्ता नाही." तुम्ही आनंदाने सांगत होतात.  आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांचं मोजलं, आणि आता त्यातलं काही आपल्या वाट्याला आलं म्हणून केवढा तो आनंद!

इरा रोज यायची. लहान मुलांची शिक्षिका होण्याचा तिचा कोर्स चालू आहे, त्यासाठी ती एका बालवाडीत उमेदवारी करत होती. तिथून थेट तुमच्याकडे, मग दोघी मिळून मराठी वाचायचात. ती अडखळली की तुम्ही ओरडायचात, ती इथल्या पोरांच्या ठसक्यात म्हणायची, "आत्या, स्लोली लाह!" आणि तुम्ही दोघी खिदळायचात. मला माझ्याच मुलीचा हेवा वाटायचा.

मग त्या बुधवारी तिचा फोन आला. बालवाडीतल्या तिच्या वर्गातल्या एका मुलाला कांजिण्या निघाल्या होत्या, मंगळवारी दिवसभर ते तिच्या मांडीवर होतं. मी तुमच्याकडेच होते. मी लगेच म्हटलं, "तिला होऊन गेल्यात." तुम्ही पलंगावरून माझ्याकडे बघितलंत. चार वर्षांनी पहिल्यांदा तुम्ही तो विषय काढलात. आवाज अगदी साधा होता. "मृणाल, आता मी माझ्यासाठी मागते आहे. तिचं रक्त बघून घे."

इराने माझी वाट पाहिली नाही. एकोणीस वर्षांची आहे, स्वतः क्लिनिकमध्ये जाऊन आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निकाल आला. तिनेच तुम्हाला फोनवर सांगितलं, "आत्या, नो हळद." मी स्वयंपाकघरात उभी होते, ओटा धरून.

तुम्ही लगेच बोटं मोजायला लागलात. लागण होऊन दहा दिवस तरी कुणाकडून कुणाला काही जात नाही, म्हणजे परवा ती येऊन गेली त्याने काही बिघडलेलं नाही. लस अजून वेळेत आहे, तिने उद्याच घ्यावी. पण लस घेतली तरी एकवीस दिवस खात्री नाही, म्हणून एकवीस दिवस तिने तुमच्या घरात पाऊल टाकायचं नाही. बालवाडीतही जायचं नाही. बसने यायचं नाही. "सुरुवातीचे दिवस तरी येऊ दे की," मी म्हटलं, "तुम्हीच म्हणालात दहा दिवस..." तुम्ही म्हणालात, "दहावा आणि अकरावा यांत चूक झाली तर? एकच नियम ठेवायचा, म्हणजे मोडायला जागा राहत नाही."

म्हणून ती रोज चालत यायची. आमच्या बेडोकच्या घरून मरीन परेड, पाऊण तास. खाली झाडाखालच्या बाकापाशी उभी राहायची, तुम्ही तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत, दोघींच्या कानाला फोन. तुम्ही विचारायचात, "फोड?" ती बाह्या वर करून हात दाखवायची, गोल फिरायची. मग वाचन चालू. मी तुमच्या पाठीशी उशी धरून उभी असायचे. एका संध्याकाळी तुम्ही मला खोलीबाहेर जायला सांगितलंत आणि बराच वेळ तिच्याशी बोलत राहिलात. मी विचारलं नाही.

बाराव्या दिवशी मी मऊ भात लावला होता. माझ्याच्याने राहवेना. मी म्हटलं, "वन्सं, तुमच्याकडे त्या काळात इराचं रक्त आलं असेल. डेंग्यूच्या वेळचं. तुमच्याच लॅबमध्ये उरलं असणार. तुम्ही एकदा बघितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. माझं तोंड बंद झालं असतं."

"आलं असेलही," तुम्ही म्हणालात. "पंधरा वर्षं वय असलेली पुष्कळ मुलं होती."

"मग शोधायचं नाही का?"

"नाव शोधायचं नाही, असा शब्द दिला होता त्या पोरांना. त्यांना माहीत नव्हतं म्हणून काय झालं?" तुम्ही डोळे मिटलेत. "मोह झाला होता. एकदा नाही, दोनदा. कुठला नंबर कुणाचा, ती यादी कुठल्या कपाटात आहे ते मला ठाऊक होतं. कपाटाची किल्ली सितीकडे देऊन टाकली."

 माझ्या वाक्याला उत्तर तुमच्या हातात होतं, एका कपाटात. ते काढून माझ्या तोंडावर मारता आलं असतं. मी असते तर मारलं असतं. मी कसंबसं सुरू केलं, "वन्सं, त्या दिवशी मी नळीबद्दल जे बोलले ते..."

"मृणाल, भात करपतोय."

भात करपत नव्हता. दोघींनाही माहीत होतं. मी उठून आत गेले.

पंधराव्या दिवशी ताप चढला. कांजिण्यांचा काही संबंध नव्हता, छातीत जंतुसंसर्ग झाला होता, शरीराकडे त्याला अडवायला काही उरलं नव्हतं. हॉस्पिटलात नेताना व्हीलचेअरवरून तुम्ही मला दोन गोष्टी बजावल्यात. एक, इराने वॉर्डात यायचं नाही, तिथे सगळी तुमच्यासारखीच कोरी माणसं आहेत. दुसरी, आईला यातलं काही कळता कामा नये. "चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिने चौघांना बरं केलं, असंच तिला आठवू दे." मी म्हटलं, इतकी कडक तपासणीस आणि आईला सूट? तुम्ही म्हणालात, "ती काही कुठल्या अभ्यासात नाही." तुमच्या तोंडून मी ऐकलेलं शेवटचं धड वाक्य ते.

शनिवारी तुम्ही गेलात. संजय आणि मी जवळ होतो. इरा घरी फोन हातात धरून बसली होती.

रविवारी स्मशानाच्या हॉलमध्ये तुमची इतकी माणसं जमली की खुर्च्या पुरल्या नाहीत. सिती सात महिन्यांची गरोदर, शिवाय तुमच्या शेजारणीच्या कडेवर तिचं तान्हं बाळ. मी इराला शोधत होते. ती बाहेर होती, गाड्या लावतात त्याच्या पलीकडे, झाडाखाली, तोंडाला मास्क, एकटी. मी धावत गेले. "अगं चल! शेवटचं दर्शन आहे. लस घेतलीयस, अंगावर काही नाही, एकोणीस दिवस झालेत."

"टू मोअर डेज, ममा."

"इरा, आत्या आहे ती तुझी."

"दॅट्स व्हाय लाह," ती म्हणाली. रडत होती, पण जागची हलली नाही. "आत सिती आहे, बेबी आहे. आत्याचा रूल आहे. यू गो इन. आत्याजवळ कुणीतरी हवं."

तिथे, त्या उन्हात, मी माझ्या मुलीला सांगितलं जे तुम्हाला सांगता आलं नाही. की चूक माझी आहे. नळीचं ते वाक्य मी बोलले होते. तुमचे आणि तिचे हे अठरा दिवस मी घालवले, केवळ मला तुमच्यापुढे हार मानायची नव्हती म्हणून. तिने मास्कखालून डोळे पुसले. मग म्हणाली, "आय नो. आत्याने सांगितलं मला, विंडोतून, त्या दिवशी. ती म्हणाली, तुझी आई आता फार रडेल, तिला ब्लेम करायचं नाही. चार रात्री ती तुझ्या बेडजवळ बसली होती आणि तेव्हाच मी तिला तुझ्या ब्लडचं विचारत बसले. टायमिंग माझं चुकलं."

वन्सं, तुमचं टायमिंग चुकलं? एवढंच आठवलं तुम्हाला त्या दिवसातलं? मी तुम्हाला मूल नसण्यावरून बोलले आणि तुम्ही ते सगळं सोडून माझ्या चार रात्री लक्षात ठेवल्यात. मी हॉलमध्ये परत आले आणि तुमच्या पायांवर डोकं ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा. तुम्ही कधी वाकूच दिलं नाहीत, पाय मागे घ्यायचात. पाय गार होते. मी "चुकलं माझं" असं मोठ्याने म्हणाले, लोकांसमोर. संजयने खांद्यावर हात ठेवला. इरा बाहेर होती त्या दिशेला तोंड करून मी शेवटपर्यंत उभी राहिले.

आज हे लिहायला बसले त्याचं कारण आई. तुम्ही गेल्याचं कळल्यापासून त्या फोनवर आल्या नव्हत्या, नुसत्या भिंतीकडे बघत बसायच्या, असं पुण्याहून कळत होतं. काल दुपारी त्यांनी स्वतः फोन मागून घेतला. रडल्या नाहीत. तुम्हाला त्रास झाला का, पाणी कुणी पाजलं, साडी कुठली नेसवली, सगळं विचारलं. मी एकेक सांगत गेले, सगळं खरं. मग त्या थांबल्या.

"इरा होती ना गं जवळ? शैलाचा फार जीव तिच्यावर."

"नव्हती" म्हटलं असतं तर त्यांनी "का?" असं विचारलं असतं, आणि कारण सांगायला लागले असते तर मला पार त्या मे महिन्यातल्या घंगाळापर्यंत जावं लागलं असतं. इरा समोरच सोफ्यावर बसली होती, फोन स्पीकरवर होता. तिने होकाराची मान डोलावली.

"होती, आई," मी म्हटलं. "शेवटपर्यंत हात हातात धरून होती."

पलीकडून त्यांनी मोठा श्वास सोडलेला ऐकू आला. "मग माझी शैला सुखाने गेली," त्या म्हणाल्या.

वन्सं, एवढं एक मात्र तपासू नका.